भरतकामाला घरात जागा
पूर्ण झालेले भरतकाम बहुधा कपाटात जाते आणि वर्षानुवर्षे न हलवलेल्या घडीवर कापड विरू लागते. रुखवतात कौतुकाने मांडलेल्या मॅटीवरच्या नक्षीचेही पुष्कळदा हेच होते, ही हळहळण्याजोगी गोष्ट. भिंतीवर लावण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने धाग्याचा रंग जातो का ते पाहावे, मगच कापड सौम्य साबणाने धुवावे. इस्त्री उलट बाजूने, खाली जाड टॉवेल घालून करावी. त्यामुळे टाके चेपत नाहीत. चौकटीसाठी कापड पुठ्ठ्यावर बसवताना डिंक लावू नये, त्याचे डाग पडतात. त्याऐवजी मागून दोऱ्याने ताणून शिवावे. काच टाक्यांना टेकू नये, चौकटीवर ऊन येऊ नये. भिंतीवर लावायचे नसेल, तर साखळी टाक्याचे काम उशीच्या अभ्र्यावर टिकते. आरसेकाम मात्र दारावरच्या तोरणातच शोभते.