तरंगता कचरा आणि तळ्याचा सांडवा
(व्याख्यानाचा मजकूर)



पनवेल हे तलावांचे गाव आहे. वडाळे, विश्राळे, कृष्णाळे, देवाळे ही नावे येथील आबालवृद्धांच्या तोंडी आहेत. १८५२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. गावाचे शहर झाले, तरी पाण्याची ओढ कमी झाली नाही. शाळेची बाग, गृहसंकुलाचे आवार, ग्रामपंचायतीचे उद्यान किंवा तालुक्यातील एखादे शेतघर अशा ठिकाणी आता लहान शोभेची तळी बांधली जातात आणि त्यांत रंगीत ‘कोई’ मासे सोडले जातात.

परंतु अशा तळ्यांचा अनुभव पुष्कळदा सारखाच असतो. उद्घाटनाच्या दिवशी पाणी आरशासारखे असते. वर्षभरात ते हिरवे होते, त्यावर तवंग धरतो, तळाशी काळा गाळ साचतो आणि एखाद्या उन्हाळी पहाटे मासे मरून तरंगताना दिसतात. पुढे पंप बंद पडतो आणि सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले तळे डासांचे आगर बनते. हे का घडते आणि ते कसे टाळता येईल, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

कोई हा मूलतः कार्प जातीचा मासा होय. जपानच्या निईगाता भागातील शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचे रंगीत वाण जोपासले आणि १९१४ च्या टोकियो येथील प्रदर्शनानंतर त्यांची कीर्ती पसरली. आपले मच्छीमार ज्याला ‘सायप्रिनस’ म्हणतात, त्याचाच हा भाऊबंद. हा मासा खादाड आहे आणि जितका खातो तितकी घाणही करतो. त्याला किमान सव्वा मीटर खोल आणि प्राणवायूने युक्त असे पाणी लागते. २० अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांवर तो साडेसातवर येतो. म्हणजे कोकणातील उन्हाळ्यात मुळातच प्राणवायू कमी. त्यात पडलेले पान तळाशी जाऊन कुजू लागले, की उरलेल्या प्राणवायूतही वाटेकरी निर्माण होतो. म्हणून मुख्य सूत्र असे, की कचरा तरंगत असतानाच उचलला पाहिजे. पाण्यावर असलेले पान हा झाडण्याचा विषय आहे. तळाशी गेलेले पान हा रोगाचा विषय होतो.

आपल्या जुन्या तलावांना सांडवा असे. पावसाळ्यात तलाव भरला, की सांडव्यावरून प्रथम वरचे पाणी जाई आणि त्याबरोबर पाने, काटक्या व फेस वाहून जाई. ‘स्किमर’ हा असाच एक छोटा सांडवा होय. फरक इतकाच, की त्यावरून पडलेले पाणी वाया न जाता गाळले जाऊन पुन्हा तळ्यात येते. दुधावरची साय काढावी, तसा तो पाण्याचा वरचा थर काढून घेतो.

त्याची रचना सोपी आहे. तळ्याच्या भिंतीत एक पेटी बसवितात. तिच्या तोंडाशी बिजागरीवर हलणारी, तरंगती झडप असते. आत जाळीची टोपली असते आणि तळाशी पंपाकडे अथवा गाळणीकडे जाणारा पाइप. पाणी ओढले जाऊ लागले, की झडप थोडी झुकते आणि तिच्यावरून केवळ वरचा पातळ थर आत पडतो. तोंड २० सेंटिमीटर रुंद असेल आणि तासाला २,४०० लिटर पाणी जात असेल, तर हा थर अवघा दीड सेंटिमीटर जाडीचा असतो. थर जितका पातळ, तितकी पृष्ठभागावरची ओढ अधिक. झडप काढून टाकल्यास पाणी तेवढेच जाते, पण पाने जागच्या जागी फिरत राहतात.

आता जोडणीचा विचार करू. उदाहरणादाखल ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल तळे घेतले, तर त्यात १४,४०० लिटर पाणी मावते. हे सर्व पाणी दर दोन तासांनी गाळणीतून जावे असे धरले, तर तासाला ७,२०० लिटरचा प्रवाह हवा. त्यापैकी सुमारे एक तृतीयांश स्किमरमधून आणि उरलेला तळाच्या निचऱ्यातून घेणे इष्ट. विष्ठा व गाळ तळाशी असतो. म्हणून सर्व ओढ वरून घेणे ही चूक ठरते.

नवे तळे बांधताना स्किमर आणि तळाचा निचरा ह्यांचे पाइप स्वतंत्रपणे गाळणीच्या पहिल्या कप्प्यात आणावेत आणि प्रत्येकावर वेगळा व्हॉल्व्ह ठेवावा. कप्प्यातील व तळ्यातील पातळी जवळजवळ सारखी राहील असे बांधकाम करावे आणि पंप गाळणीच्या शेवटी बसवावा. त्यामुळे घाण पंपाच्या पात्यांत दळली जात नाही. ह्या पद्धतीत पाणी संथ वाहते, म्हणून सुमारे ११० मिलिमीटरचे जाड पाइप घ्यावेत आणि त्यांत बसलेला गाळ अधूनमधून व्हॉल्व्ह एकदम उघडून धुऊन काढावा.

जुन्या तळ्यात पंप थेट तळातून ओढत असेल, तर पंपाच्या अलीकडे ‘टी’ बसवून स्किमरचा ५० मिलिमीटरचा पाइप जोडता येतो. येथेही दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह हवेत. तळाचा व्हॉल्व्ह कधीही पूर्ण बंद करू नये. टोपली पानांनी तुंबली तरी पंपाला पाणी मिळत राहते. मात्र तळ्याची पातळी पेटीच्या तोंडाखाली गेली, तर पंप हवा ओढू लागतो आणि तळाच्या पाइपचेही काम थांबते. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तर ह्या तळ्यातून रोज ६० लिटर कमी होतात आणि आठवड्यात पातळी साडेतीन सेंटिमीटर उतरते. म्हणून भर घालण्याची व्यवस्था प्रथम, स्किमर नंतर. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना घातक असल्याने ते पाणी क्लोरीन घालवूनच भरावे. भिंत फोडून नवे सिमेंट केले असल्यास पाणी भरून व काढून टाकून त्यातील चुन्याचा अंश उतरवल्याखेरीज मासे परत सोडू नयेत. पाण्याजवळच्या विद्युत् जोडणीला अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारे ईएलसीबी उपकरण अनिवार्य समजावे.

पेटी कोठे बसवावी, हे वारा ठरवतो. पनवेलकडे समुद्रावरून येणारा वारा पश्चिमेकडचा असल्याने कचरा बहुधा पूर्वेच्या काठाला लागतो. तरीही बांधकामापूर्वी चार वाळलेली पाने पाण्यावर सोडून ती कोठे जमतात हे पाहावे. गाळलेले पाणी परत येण्याचे तोंड समोरच्या बाजूस ठेवून त्याचा झोत पेटीच्या दिशेने वळवावा.

पावसाळ्याचा हिशोब निराळा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा पाऊस आपल्या उदाहरणातील तळ्यावर पडला, तर ११,००० लिटरहून अधिक, म्हणजे जवळजवळ तळेभर पाणी एका दिवसात येईल. ते स्किमरने पेलणार नाही. त्यासाठी स्वतंत्र सांडवा आणि त्याला जाळी हवी. जाळीचा आग्रह आणखी एका कारणासाठी आहे. कार्प मासा तळ उकरून पाणी गढूळ करतो. हौसेचे मासे ओढ्यात किंवा गावतलावात जाता कामा नयेत, आणि कंटाळा आला म्हणून ते तेथे सोडूही नयेत.

स्किमर म्हणजे संपूर्ण गाळणी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करण्याचे काम गाळणीतील जिवाणू करतात. त्यांना अखंड वाहते पाणी लागते. वीज वाचविण्यासाठी रात्री पंप बंद ठेवल्यास तेच प्रथम मरतात. स्किमर त्यांच्यावरचा भार हलका करतो, एवढेच.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत माशांच्या संगोपनाचाही समावेश करण्यात आला. त्यामुळे हा विषय केवळ हौसेपुरता राहिलेला नाही; बचत गट आणि तरुण ह्यांच्या उपजीविकेशी तो जोडला गेला आहे. विक्रीसाठी मासे वाढविणाऱ्याला एका रात्रीतील प्राणवायूची तूट हंगामाची कमाई गमावायला लावते.

अखेरीस एक व्यवहाराची गोष्ट. अंदाजपत्रकात पंप, पाइप आणि फरशी ह्यांना रक्कम असते. टोपली रोज कोण रिकामी करणार, ह्याला रकाना नसतो. हे पाच मिनिटांचे काम आहे, परंतु पानगळीत ते दोन दिवस चुकले तरी टोपली भरते आणि तरंगते पान तळाकडे निघते. शाळेत हे काम विद्यार्थ्यांच्या तुकडीकडे शिक्षकांच्या देखरेखीखाली द्यावे, उद्यानात ते माळ्याच्या कामाच्या नोंदवहीत लिहावे आणि ग्रामपंचायतीने तळ्याचा ठराव करतानाच त्या व्यक्तीचे नाव ठरावात घालावे. नाव ठरले नसेल, तर तळे अजून बांधावयास घेऊ नये.