पुन्हा पुन्हा गर्भपात होतो तेव्हा

दिवस गेल्याचं घरात कळतं आणि दोन-अडीच महिन्यांत सगळं संपतं. दुसऱ्यांदाही तसंच झालं की कुजबुज सुरू होते. हिने पपई खाल्ली, कळशी उचलली, ग्रहणात भाजी चिरली! डॉक्टर म्हणून स्पष्टच सांगते, यातल्या कशानेही पुन्हा पुन्हा गर्भपात होत नाहीत.

दिवस गेल्याची खात्री झालेल्या शंभरजणींपैकी साधारण 15 जणींचा गर्भ टिकत नाही. सुरुवातीच्या अशा गर्भपातांत निम्म्याच्या आसपास वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो, तोही बहुधा योगायोगाने आलेला. बाईचं वय वाढतं तसं हे प्रमाणही वाढतं. म्हणून एका गर्भपातानंतर तपासण्यांचा धडाका नको. दोन झाले, तर मात्र डॉक्टरांकडे जा, आणि जोडीने जा. ठणठणीत नवऱ्याच्या गुणसूत्रांतही अदलाबदल असू शकते.

थायरॉइड, साखर, गर्भाशयातला पडदा, हे पाहिलं जातंच. हटकून शोधायचा तो अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. यात शरीर आपल्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि वार नीट वाढत नाही. एखाद्या संसर्गानंतरही ही प्रतिपिंडं तात्पुरती दिसतात, त्यामुळे तपासणी किमान 12 आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. निदान पक्कं झालं, तर कमी मात्रेची अॅस्पिरिन आणि हेपारिनची इंजेक्शनं. लंडनच्या डॉक्टरांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुसत्या अॅस्पिरिनवर शेकडा 42 जणींना मूल झालं होतं, दोन्ही औषधांवर शेकडा 71 जणींना. म्हणून कारण न सापडलेल्या प्रत्येकीला हेपारिन टोचावं असं नाही. तिथे त्याचा फायदा दिसलेला नाही. आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी ‘टॉर्च’ ही संसर्गांची तपासणीही वारंवार होणाऱ्या गर्भपाताचं कारण सांगत नाही. ते पैसे वाचवा.

निम्म्या जोडप्यांत काहीच सापडत नाही. हे ऐकून बायका खचतात, पण खरं तर इथेच आशा जास्त. अशा बायकांवरच्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात गर्भ टिकावा म्हणून दिलं जाणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक न घेतलेल्यांपैकीही तिघींत जवळजवळ दोघींना पुढे मूल झालं.

नोकरी करणाऱ्या भगिनींसाठी आणखी एक. मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदी लागू असलेल्या आस्थापनांत गर्भपातानंतर 6 आठवड्यांची पगारी रजा मिळते. दवाखान्यातून निघतानाच दाखला मागून घ्या.