धर्मस्वातंत्र्य आणि समलिंगी व्यक्तींचे हक्क

जबलपूर शहरापासून वीस-बावीस किलोमीटरांवर भेडाघाट येथे नर्मदा संगमरवरी कड्यांमधून वाहते. नदीजवळच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार देवालय आहे. ओवरीतील मूर्ती दहाव्या शतकाच्या सुमाराच्या. त्यांपैकी अनेकींच्या पीठांवर नावे कोरलेली आहेत. काही पशुमुखी आहेत, एकीला हत्तीचे मस्तक आहे. मध्यभागी गौरीशंकराचे मंदिर आहे. येथे मिळालेल्या कलचुरी संवत् ९०७ च्या, म्हणजे इ. स. ११५५ च्या शिलालेखात राणी अल्हणदेवीने शिवमंदिर, मठ आणि अध्ययनशाळा बांधविल्याची नोंद आहे. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरींचे कोरीव लेख संपादून १९५५ साली प्रसिद्ध केले. त्यांवरून दिसते ते एवढेच, की एका धर्माच्या नावाखाली कितीतरी भिन्न उपासना या प्रदेशात शेजारी शेजारी नांदत होत्या.

समलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा वाद निघाला की अशा देवालयांना साक्षीला बोलावण्याची प्रथा पडली आहे. एक पक्ष म्हणतो, ज्या संस्कृतीने देवतेला इतकी रूपे दिली तिला मनुष्यस्वभावातील वैविध्याचे वावडे असणे शक्य नाही. दुसरा पक्ष स्मृतिग्रंथ उघडतो. दोन्ही साक्षी कच्च्या आहेत. योगिनींच्या मूर्ती समलिंगी प्रेमाविषयी काहीच सांगत नाहीत. त्यांच्याकडून तसे वदवून घेणे हे इतिहासाचे नव्हे, वकिलीचे काम होय. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषाने पुरुषाशी केलेल्या संगाबद्दल द्विजाला सचैल स्नानाचे प्रायश्चित्त सांगितले आहे. (कुमारिकेला दूषित करणाऱ्या स्त्रीला मात्र हीच स्मृती कठोर दंड सांगते.) ते कृत्य दोषास्पद मानले गेले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अंगावरच्या वस्त्रांसह स्नान आणि जन्मठेप यांत पुष्कळ अंतर आहे. जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगितली ती इंग्रजांनी घडविलेल्या १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ ने. धर्माच्या दृष्टीने जे पाप, ते राज्याच्या दृष्टीने गुन्हा असलेच पाहिजे काय, हा प्रश्न खऱ्या अर्थाने त्या कलमाबरोबर या देशात आला.

या प्रश्नाचे उत्तर प्राचीनांकडे मिळणार नाही. ते राज्यघटनेत शोधावे लागते. आणि तेथेही जबलपूरचे नाव टाळता येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि जबलपूर हे त्याच्या उच्च न्यायालयाचे मुख्य ठिकाण झाले. नागपूरचे मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला हेच तेथील पहिले मुख्य न्यायाधीश होते. त्यानंतरच्या काळात धर्मस्वातंत्र्य आणि व्यक्तिस्वातंत्र्य या दोहोंच्या इतिहासातील दोन मोठे खटले या न्यायालयातून दिल्लीला गेले.

पहिला खटला धर्मांतराचा. मध्य प्रदेशाने १९६८ साली धर्मस्वातंत्र्य अधिनियम केला. बळाने, प्रलोभनाने किंवा कपटाने होणाऱ्या धर्मांतरास त्याने बंदी घातली आणि धर्मांतराचा विधी करणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यास त्याची खबर द्यावी, असे बंधन घातले. फादर स्टॅनिस्लॉस यांनी त्याला आव्हान दिले. उच्च न्यायालयाने अधिनियम वैध ठरविला. ओडिशाच्या तशाच कायद्याबाबत तेथील उच्च न्यायालयाने नेमका उलट निर्णय दिलेला होता. १७ जानेवारी १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कायदे उचलून धरले. अनुच्छेद २५ ने धर्माच्या प्रसाराचा हक्क दिला आहे, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क दिलेला नाही, असे त्याचे म्हणणे. मुंबईचे विधिज्ञ एच. एम. सीरवई यांनी या निकालावर कठोर टीका केली, आणि ती रास्त होती. ज्याला आपले मत बदलावयाचे आहे त्याच्या स्वातंत्र्याचा विचार या निकालात जवळजवळ नाही.

दुसरा खटला अधिक प्रसिद्ध आहे. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या शिवकांत शुक्ल यांचा अर्ज ऐकण्याचा आपणास अधिकार आहे, असे जबलपूरच्या उच्च न्यायालयाने ठरविले. सरकार अपिलात गेले. २८ एप्रिल १९७६ रोजी, अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने निर्णय दिला की आणीबाणीत जीवित व स्वातंत्र्य यांसाठी नागरिकाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. विरोधी मत न्या. हंसराज खन्ना यांचे. बहुमतात न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड होते. स्टॅनिस्लॉस खटल्यातील आणि या खटल्यातील पीठांचे अध्यक्ष एकच होते, सरन्यायाधीश ए. एन. राय, आणि दोन्ही निकालांत नऊ महिन्यांचेही अंतर नाही.

या दोन खटल्यांचा समलिंगी व्यक्तींशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध पुढे, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, उघड झाला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे काय, या प्रश्नावर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने त्या दिवशी निकाल दिला. चार न्यायाधीशांच्या वतीने तो लिहिला न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. ज्या जबलपूर निकालात त्यांच्या वडिलांचे मत होते तो त्यांनी चुकीचा ठरवून रद्दबातल केला. त्याच प्रकरणात, लगेच त्यापुढे, त्यांनी २०१३ चा सुरेशकुमार कौशल निकाल तपासला. त्या निकालाने कलम ३७७ पुन्हा जिवंत केले होते, आणि ते करताना समलिंगी व्यक्ती लोकसंख्येचा अगदी क्षुल्लक अंश आहेत, असे कारण पुढे केले होते. हक्क डोकी मोजून द्यावयाचे नसतात, असे नऊ जणांच्या पीठाने बजावले. आणखी एक गोष्ट या निकालात आहे, जिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. धर्म निवडणे, आणि निवडलेला धर्म जगाला सांगणे अथवा न सांगणे, हेही खासगीपणातच मोडते, असे त्यात म्हटले आहे.

म्हणजे ज्या हक्काच्या आधाराने ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर यांच्या खटल्यात प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले, त्याच हक्काच्या आधाराने धर्मांतर करणारा मनुष्य दंडाधिकाऱ्याला विचारू शकतो की माझ्या श्रद्धेची वर्दी तुला का द्यावी. दोन्ही पक्षांना ही गोष्ट अडचणीची वाटते. धर्मनिष्ठ लोक खासगीपणाच्या निकालाचा दुसरा भाग वाचीत नाहीत. हक्कवादी पहिला भाग वाचून थांबतात.

महाराष्ट्राला ही सांगड नवी वाटू नये. महर्षी कर्वे यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात उत्तरे दिली जात. सनातन्यांच्या तक्रारीवरून त्यांना एकदा दंड झाला होता. १९३४ साली मुंबईत त्यांच्यावर अश्लीलतेचा दुसरा खटला चालला. ज्या प्रश्नोत्तरांवरून तो झाला त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. असल्या विकृत प्रश्नांना उत्तरे छापण्याची गरज काय, असे न्यायाधीशांनी विचारले. हॅवलॉक एलिस या इंग्रज संशोधकाचा दाखला देऊन आंबेडकरांनी असा युक्तिवाद केला की काही माणसांत ही ओढ स्वाभाविक असते आणि ती त्यांची असल्यामुळे तिच्यात गैर मानण्याचे कारण नाही. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. त्याच्या पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच वकिलाने येवल्यास घोषणा केली की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. उच्च न्यायालयाचे नागपूरहून जबलपूरला जाणे त्यानंतर अठरा दिवसांनी झाले. एका माणसाच्या आयुष्यात ही दोन्ही स्वातंत्र्ये अशी सुखाने एकत्र राहिली, कारण दोहोंच्या मुळाशी त्याने एकच गोष्ट पाहिली होती: मनुष्याच्या अंतःकरणात काय असावे हे समाजाच्या बहुमताने ठरवावयाचे नसते.

तथापि धर्मनिष्ठांचे भय केवळ आडमुठेपणाचे आहे, असे म्हणून चालणार नाही. घटनेने सदसद्विवेकबुद्धीचे आणि धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. ही नीतिमत्ता कोणाची? दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी नाझ फाउंडेशनच्या खटल्यात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उत्तर दिले, ‘सांविधानिक नीतिमत्ता’. हा शब्दप्रयोग आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत इतिहासकार ग्रोट याच्याकडून घेऊन वापरला होता. त्यांना अभिप्रेत होता तो घटनेच्या रीतिभातींविषयीचा आदर. न्यायालयांनी त्याचा अर्थ पुष्कळ ताणला आहे. जोहर निकालानंतर अवघ्या तीन आठवड्यांत शबरीमलैच्या प्रकरणात त्याच शब्दाने एका मंदिराची प्रथा मोडीत निघाली, आणि २०१९ साली त्यातून निघालेले प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवावे लागले. आज शयनगृहाला संरक्षण देणारा शब्द उद्या गाभाऱ्यात शिरेल, अशी शंका एखाद्या पुजाऱ्याला आली तर तिला उत्तर द्यावे लागेल, हसून चालणार नाही.

उत्तर असे की दंडसंहिता ही एक गोष्ट आणि देवघर ही दुसरी. हे काही धर्माधिकाऱ्यांनीही ओळखले. २०१३ च्या निकालानंतर मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी स्पष्ट केले की कॅथलिक चर्च समलिंगी विवाहाच्या विरुद्ध आहे, पण समलिंगी व्यक्तींना ते गुन्हेगार समजत नाही. उलट कौशल खटल्यात अपील केंद्र सरकारने केलेले नव्हते. ते केले दिल्लीच्या एका ज्योतिषाने आणि काही मुस्लिम व ख्रिस्ती संघटनांनी. परस्परांच्या श्रद्धांविषयी ज्यांचे कधी एकमत व्हावयाचे नाही, ते या एका मुद्द्यावर एकत्र आले. ब्रिटनने २०१३ साली समलिंगी विवाहाला मान्यता देताना इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चला असे विवाह लावण्यापासून कायद्यानेच दूर ठेवले. धर्मपीठावर सक्ती न करता नागरी हक्क देता येतो, याचे ते एक उदाहरण. अमेरिकेत मात्र वाद देवळात न राहता दुकानात आला. समलिंगी जोडप्यासाठी लग्नाचा केक करण्यास नकार देणाऱ्या कोलोरॅडोतील बेकरीवाल्याच्या बाजूने तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला, पण तो मर्यादित कारणावर: राज्याच्या आयोगाने त्याच्या धर्मश्रद्धेविषयी आकस दाखविला होता.

भारतात विवाहाचा प्रश्न २०२३ साली आला. धार्मिक व्यक्तिगत कायद्यांना हात लावावयाचा नाही, १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमापुरतेच बोलावयाचे, असे सुनावणीच्या आरंभीच ठरले. तरीही जमियत उलमा-ए-हिंदने विरोध केला, मध्य प्रदेश सरकारनेही केला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाचही न्यायाधीशांनी विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला. नागरी सहजीवनाला मान्यता देण्याच्या प्रश्नावर सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल अल्पमतात राहिले. फेरविचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले.

विशेष विवाह अधिनियमात एक जुनी तरतूद आहे. विवाहेच्छूंनी तीस दिवसांची पूर्वसूचना द्यावी आणि ती कचेरीत लावली जावी. आंतरधर्मीय जोडप्यांचा छळ पुष्कळदा या कागदापासून सुरू होतो. २०२१ च्या मध्य प्रदेश धर्मस्वातंत्र्य अधिनियमाने त्याच्या जोडीला दुसरा कागद आणला: धर्मांतर करणाऱ्याने साठ दिवस अगोदर जिल्हादंडाधिकाऱ्यास प्रतिज्ञापन द्यावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने हे कलम सकृद्दर्शनी घटनाबाह्य असल्याचे मत दिले आणि स्वेच्छेने विवाह करणाऱ्या प्रौढांवर त्या कलमाखाली खटले भरू नयेत, असा अंतरिम आदेश दिला. त्याच न्यायालयाने २००३ साली जवळच्या कटनीच्या महापौर कमला जान यांची निवड रद्द ठरविण्याचा निर्णय कायम केला होता. पद स्त्रियांसाठी राखीव होते, आणि तृतीयपंथी व्यक्ती स्त्री नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. आपण कोण हे सांगण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केले. पण तोवर कटनीच्या मतदारांनी निवडलेल्या महापौरांचा कार्यकाल कधीच संपला होता.

कलम ३७७ आता दंडसंहितेसह इतिहासजमा झाले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते नाही. विवाह नाकारला गेल्यावर केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच वर्षी खुलासे निघाले की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास मनाई नाही, आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच कुटुंबातील समजण्यात यावे. या शिधापत्रिकेसाठी कोणत्याही धर्मपीठाची परवानगी लागत नाही, आणि तीवर कोणा धर्मपीठाने आक्षेपही घेतलेला नाही.