आधी पंचांग, मग कॅमेरा

मंडळी, शटर, ॲपर्चर, आयएसओ या सभागृहात सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा ते सोडतो. माझं म्हणणं एकच आहे: कोकणच्या वाळूवर चिखले आणि टिलवे टिपायचे असतील तर लेन्सच्या आधी पंचांग विकत घ्या. हसा, पण मी पत्रिका जुळवायला सांगत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी पाण्याकडे तोंड केलं की ऊन पाठीशी असतं आणि पक्षी उजळतो. संध्याकाळी त्याच जागी नुसती काळी आकृती मिळते. म्हणजे कोवळं ऊन आणि चढतं पाणी एकत्र हवं असेल, तर द्वादशी-त्रयोदशीची सकाळ. मोबाइलवर भरतीची वेळ मिळते हे मान्य, पण हिशेब डोक्यात असला की पुढच्या महिन्याची रजा आजच टाकता येते.

पाणी चढू लागलं की आक्षी किंवा गुहागरसारख्या पुळणीवर चरायची पट्टी अरुंद होते आणि पक्षी आपणहून वर सरकतात. आधीच वाळूवर पालथं पडून राहिलेल्याकडे ते चालत येतात. चिखल्या डोळ्यांनी शिकार शोधतो: धावतो, थबकतो, टोचतो. तो थबकतो तो क्षण तुमचा. टिलवा चोच सतत चालू ठेवतो, त्याला थांबणं ठाऊक नाही. सँडरलिंगला तर मागचं बोटच नसतं, तो लाटेच्या पुढेमागे असा पळतो की... असो, अध्यक्षांनी घड्याळ काढलंय. सँडरलिंगवर वेगळं व्याख्यान लावा.

आता आक्षेप. सहाशेची लेन्स असताना वाळूत लोळायचं कशाला? कारण उभ्यानं काढलेल्या फोटोत वाळूच्या रंगाचा पक्षी वाळूतच विरतो. आडवं पडलं की त्याच्या मागे लांबचं धूसर पाणी येतं. शिवाय दहानंतर तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते, आणि ती थरथर कितीही महागड्या काचेला आवरत नाही. दुसरा आक्षेप, एकदा उडाला तर काय बिघडलं? एकदा नाही बिघडत. पण पंचवीसेक ग्रॅमच्या टिलव्याला उन्हाळ्याच्या तोंडाशी थेट आर्क्टिकच्या टुंड्रापर्यंत जायचं असतं. त्यासाठी चरबी साठवायची, तीही ओहोटीनं दिलेल्या मोजक्या तासांत. सुट्टीच्या दिवशी प्रत्येकानं 'एकदाच' उडवला, तर त्यानं खायचं कधी? आणि पाठलाग करणाऱ्याच्या हाती शेवटी येते ती उडत्या पक्ष्याची पाठ, म्हणजे फोटोही गेला.

चिठ्ठी आली, आवरतो. येत्या थंडीत द्वादशी गाठा. मात्र भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधी सरपटत मागे या, ताडकन उभे राहू नका. पाणी भरल्यावर हे पक्षी कोरड्या वाळूवर विश्रांती घेतात, तेवढी जागा त्यांना मोकळी ठेवा.