डिस्क ब्रेक आणि हातब्रेक
प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या मोटारींच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. हातब्रेकची तार ओढली की मागील ब्रेक-शू फाकून ड्रमला घट्ट बसत. हौसेने मागे डिस्क ब्रेक बसविताना ड्रमबरोबर हातब्रेकही जातो, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. ब्रेक ऑइलचा दाब कोंडून गाडी उभी ठेवणे धोक्याचे; तो दाब हळूहळू उतरू शकतो. म्हणून तारेने चालणारी तरफ असलेला कॅलिपर, अथवा डिस्कच्या पोटात छोटा ड्रम असलेला संच निवडावा. तारेची ओढ नव्याने जुळवून उतारावर सावधपणे परीक्षा घ्यावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने वाहनातील फेरफारांवर बंधने घातली आहेत. तेव्हा प्रथम परिवहन कार्यालयात विचारणा करावी. धावती गाडी थांबणे जितके अगत्याचे, तितकेच थांबलेली गाडी जागच्या जागी राहणे अगत्याचे आहे.