यंत्राचें वेळापत्रक

१६ एप्रिल १८५३ रोजीं पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास आली. पुढच्याच वर्षीं, मे १८५४ मध्यें, ती कल्याणपर्यंत धांवूं लागली. तेव्हांपासून या पट्ट्यांतील संसार वेळापत्रकाला बांधलेला आहे. गाडीपुढें ‘रविवारीं नाहीं’ अशी खूण असली, तर डोंबिवलीकराला तिचा अर्थ कोणी सांगावा लागत नाहीं. युनिक्स या संगणकप्रणालींतहि असेंच वेळापत्रक असतें; मात्र तें यंत्र वाचतें, आणि यंत्राला शंका येत नाहीं.

केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत युनिक्सचा आरंभ केला. तींतील ‘क्रॉन’ नांवाचा सेवक दर मिनिटास आपलें कोष्टक पाहतो. प्रत्येक ओळींत पांच घरें: मिनिट, तास, तारीख, महिना, वार, त्यांपुढें करावयाचें काम. पहिल्या घरांत ३०, दुसऱ्यांत २, बाकींत तारका, म्हणजे रोज पहाटे अडीच वाजतां.

आतां समजा, वागळे इस्टेटींतील एका हिशेबनिसास दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं जुन्या नोंदी पुसावयाच्या आहेत. तो तारखेच्या घरांत १ ते ७ लिहितो व वाराच्या घरांत सोमवार. दोन्ही अटी जुळल्या तरच काम होईल, असें कोणासहि वाटेल. पण तारीख व वार दोन्ही नेमून दिले असतां क्रॉनला त्यांपैकीं एक जुळलें तरी पुरतें! पहिले सात दिवस रोज, आणि शिवाय प्रत्येक सोमवारीं, नोंदी पुसल्या जातात. नियम विचित्र खरा, पण लपविलेला नाहीं. युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची. आज ती यंत्रांतच असते, व ‘मॅन’ या आज्ञेनें उघडते. अडचण एवढीच, कीं नुसतें ‘मॅन क्रॉनटॅब’ म्हटल्यास पहिल्या विभागाचें पान येतें. त्यांत कोष्टक कसें बदलावें तें असतें. घरांचा अर्थ पांचव्या विभागांत आहे. त्यासाठीं ‘मॅन ५ क्रॉनटॅब’ असें विचारावें लागतें. आज्ञेचें नांवच ठाऊक नसेल, तर ‘अॅप्रोपॉस’पुढें विषयाचा इंग्रजी शब्द लिहावा.

अडीच वाजतां वीज गेलेली असेल, तर साधा क्रॉन तें काम मागाहून करीत नाहीं. त्यासाठीं ‘अॅनाक्रॉन’ आहे. आणखी एक धोका कळफलकावरचा. ‘क्रॉनटॅब’पुढें उणे चिन्ह देऊन ‘ई’ लिहिल्यास कोष्टक संपादनास उघडतें, ‘आर’ लिहिल्यास तें समूळ पुसलें जातें, आणि हीं दोन्ही अक्षरें शेजारीं शेजारीं आहेत. बहुधा ‘खरेंच पुसूं काय?’ असें कोणी विचारीत नाहीं. म्हणून जाणते लोक कोष्टकाची एक प्रत निराळी ठेवतात.