वेताळाशीं व्यवहार



वेताळाचें नांव निघतांच आपल्या डोळ्यांपुढें विक्रम राजा, त्याच्या खांद्यावरील प्रेत आणि स्मशानांतील तो वृक्ष येतो. ही गोष्ट बहुतेकांना करमणुकीपुरतीच ठाऊक असते. परंतु गोष्टींतील या पात्राला मंत्रबळानें वश करूं पाहणारे लोकही आपल्यांत पूर्वीपासून आहेत. त्यांपैकीं एक वेडा मीही होतों; म्हणूनच या विषयावर चार शब्द बोलण्याचें धाडस करीत आहें.

अकराव्या शतकांत सोमदेवानें काश्मिरांत रचलेल्या 'कथासरित्सागरां'त ही कथा आहे. तींतील साधक राजाला प्रत्यहीं एक फळ देतो. फळांत रत्न असतें. या उपकाराच्या भरंवशावर तो राजाकडून वेताळाधिष्ठित प्रेत आणवितो. शेवटीं वेताळच राजाला सावध करितो, कीं या साधकाला सिद्धि हवी आहे ती तुझ्या मस्तकाच्या मोलानें. लाभ आपला आणि किंमत दुसऱ्याची, असा हा सौदा होता.

मॅट्रिकच्या वर्षीं गणितानें मला जेरीस आणिलें होतें. एका जीर्ण पोथींतून मंत्र उतरून घेतला आणि अवसेच्या रात्रीं ओढ्यापलीकडील स्मशानांत जाऊन बसलों. वेताळ आला नाहीं. पाऊस मात्र आला. पुढें आठ दिवस तापानें फणफणलों. वडील रागावतील असें वाटलें होतें. त्यांनीं एवढेंच विचारलें, "अरे, तो हातीं आला असता, तर त्याला काय सांगणार होतास?"

"गणिताचा पेपर," मी पुटपुटलों.

"आणि त्यानें मोबदला मागितला असता, तर तो कोणी द्यायचा होता?"

मजजवळ उत्तर नव्हतें. आई उशाशीं बसली होती. डॉक्टरच्या बिलासाठीं तिच्या हातांतील एक पाटली त्याच आठवड्यांत गेली होती.

पुढें शिक्षक झाल्यावर वेंगुर्ले तालुक्यांतील आरवलीस जाण्याचा योग आला. तेथें वेताळ हा वेतोबा या नांवानें गांवाचा रक्षक म्हणून पूजिला जातो. भाविक त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्या मोठ्या वाहाणा अर्पण करितात. देव रात्रीं गांवाच्या रक्षणार्थ फिरतो व त्यामुळें वाहाणांचे तळ झिजतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. मला ही कल्पना फार हृदयंगम वाटली. पोथींतला साधक वेताळाला राबवूं पाहतो. आरवलीचा मनुष्य त्याच्या पायांची चिंता वाहतो. कोंकणांत गाऱ्हाणें घालतात तेंही चारचौघांसमक्ष, मोठ्यानें. जें मागणें शेजाऱ्यांच्या कानांवर घालवत नाहीं, तें देवाजवळ तरी कसें मागावें?

या श्रद्धांची नोंद होण्यास आम्हां शाळामास्तरांचाही हात लागलेला आहे. जॅक्सन यांनीं मुंबई इलाख्यांतील शिक्षकांकडे प्रश्न पाठवून लोकसमजुती गोळा केल्या. 1909 सालीं नाशिक येथें त्यांचा वध झाल्यावर एन्थोवेन यांनीं ती सामग्री संपादून प्रसिद्ध केली. खेड्यापाड्यांतील मास्तरांनीं दिलेलीं उत्तरें तींत आजही वाचावयास मिळतात.

महाराष्ट्रांत 2013 सालीं नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्ध कायदा झाला, हें योग्यच झालें. परंतु कायदा पोंचतो तो कृत्यापर्यंत; मनांतील लोभापर्यंत पोंचावयाचें काम ज्याचें त्यानेंच करावयाचें आहे. वेताळ मानणाऱ्यानें मानावा, न मानणाऱ्यानें न मानावा. मात्र कोणत्याही शक्तीजवळ कांहीं मागण्यापूर्वीं, याची किंमत घरांतलें कोण देणार, एवढें आधीं स्वतःस विचारावें.

दुसऱ्या वर्षीं दिव्याशीं बसून, रोज दहा उदाहरणें सोडवून मी गणितांत उत्तीर्ण झालों. आईची ती पाटली मात्र मला पुढें कधींच परत करितां आली नाहीं.